हरले म्हण, मग सांगते

लाल कोट घातलेल्या त्या बाईला मी बर्फघरात किती वेळा मारलं असेल, विचारू नका. सकाळी दूध तापवताना एकदा, बसमध्ये येता-जाता, आणि जेवणाच्या सुट्टीत तर बिचारीला मारायचा सपाटाच लावला होता. कंदील विझत जातो, तिच्या तोंडातून वाफ निघते, मग सगळा पडदा निळा होतो आणि खाली अक्षरं येतात, 'पुन्हा प्रयत्न करा'. दोन आठवडे हेच चाललं होतं. डोकं नुसतं भणभणून गेलं होतं माझं.

गेमचं नाव 'बंद बंगला'. मोबाईलवरचा. एक बाई हरवलेल्या काकाला शोधत एका बंगल्यात शिरते आणि एकामागून एक खोल्या उघडत जाते. प्रत्येक खोलीला कुलूप, प्रत्येक कुलपाला कोडं. फुलदाणी उचलली की खाली खिळा सापडतो, खिळ्याने चित्र उचकटलं की मागे आकडे, ते आकडे घड्याळात लावले की भिंतीतला कप्पा उघडतो, आणि तो उघडताना असा बारीक 'खट्' आवाज येतो ना, आहाहा! दिवसभर आपलं कुणी ऐकत नाही. सुपरवायझर ऐकत नाही, नवरा ऐकत नाही, पोरं तर ऐकतच नाहीत. आणि इथे बरोबर जागी बोट ठेवलं की भिंत मुकाट्याने उघडते. त्या एका खट्साठी मी बसचा थांबासुद्धा चुकवलाय.

वैताग म्हणाल तर तोही पोतंभर. ऐन रंगात आलं की जाहिरात. ती बंद करायची फुली एवढी बारीक की मुंगीनेच दाबावी; आपण दाबायला जावं तर भलतंच दुकान उघडतं. मदतीला एक दिव्याचं चित्र आहे. ते दाबलं की हिंट मिळते म्हणे. काय मिळते, तर 'नीट बघा'. अरे मेल्या, नीटच बघतेय ना, डोळे फुटायची वेळ आली!

हे वेड मला लावलं ताईने. ताई माझी सख्खी थोरली बहीण. आमच्या कामाच्या ठिकाणाहून दोन रस्ते सोडून दातांची एक लॅब आहे, तिथे ती कवळ्या बनवते. दिवसभर लोकांचे दात घासून गुळगुळीत करते म्हणून असेल, पण बाई स्वभावानेही तशीच, कुठे टोचायची नाही. मी उलटी. लहानपणी पत्त्यांत हरायला लागले की पत्ते उधळायची, कॅरममध्ये हरायला लागले की राणी खिशात घालून पळायची. तिने माझं नाव फटाकडी ठेवलं ते उगाच नाही.

आमचा दोघींचा एक नियम होता. उत्तर सांगायचं नाही. अडलेलीने आधी 'हरले' असं लिहून पाठवायचं, तरच दुसरीने सांगायचं. ताई आठवड्यातून दोनदा तरी पाठवायची, काही वाटायचं नाही तिला. 'हरले बाई हरले, सांग आता त्या घुबडाचं काय करू.' मी एकदाही पाठवलं नाही. सबंध जन्मात कधी कुणाला तो शब्द म्हटला नव्हता, तर एका घुबडासाठी कशाला म्हणू?

त्यापेक्षा लबाडी बरी. गेल्या महिन्यात पियानोच्या खोलीत अडकले होते, तर ताईला मेसेज ठोकला, 'अंगठा शटरमध्ये चिरडला गं. आता कसलं खेळणं. निदान पियानोचं काय ते सांग, जिवाला चुटपुट नको. आईशप्पथ खरं.' तिने उत्तर पाठवलं, आणि उत्तरापाठोपाठ स्वतः धावत आली. हातात मलमपट्टी, पायात दोन वेगवेगळ्या चपला. माझा धडधाकट अंगठा तिने नीट उलटसुलट करून बघितला.

"यापुढे तू मेलीस म्हणून कुणी सांगत आलं ना," ती म्हणाली, "तरी मी विश्वास ठेवायची नाही. आधी हरले म्हण, मग सांगते."

"मेल्यावर कशी म्हणू?"

"तो तुझा प्रश्न!"

आणि बोलायचोही आम्ही असंच. लाल कोटवाली अमुक ठिकाणी अडकली, असं कोण लिहीत बसतंय? 'मी तळघरात आहे', 'मी मेले गं परत', 'दार लागलं, आता काय करू'. नवऱ्याने एकदा माझ्या फोनवर 'विहिरीत पडले, दोर कुठाय' वाचलं आणि बिचारा अंगणाकडे धावला. आमच्याकडे विहीर नाही हे त्याला धावता धावता आठवलं.

आता कामाचं सांगते. मी शीतगृहात आहे. मटार, मका, मासे, सगळं गोठवलेलं. कुठली खोकी आधी बाहेर काढायची, कुठली मागे सारायची, कुठे बर्फ चढलाय, हे बघायचं काम माझं. आमचा मोठा फ्रीजर म्हणजे एक खोलीच. दार हातभर जाड. आतून उघडायला एक गोल हिरवी मूठ असते. ती ढकलली की तिचा दांडा दारातून आरपार जाऊन बाहेरची कडी उचलतो. आमची ती मूठ खिळखिळी झाली होती. ढकलायला जावं तर दांड्यासकट हातात यायची. सुपरवायझरला सांगितलं तर 'सोमवारी बघू'. असे कितीतरी सोमवार आले आणि गेले. मग आम्ही बायकांनीच उपाय काढला. आत जाणारीने मक्याचं एक खोकं दारात आडवं टाकायचं आणि मगच आत जायचं. दार लागतच नाही, मग मूठ हवीय कुणाला? सगळ्यांच्या अंगवळणी पडलं होतं ते.

त्या दिवशी अर्धाच दिवस होता. दुपारी बाकीच्या बायका पर्स उचलून पळाल्या. मी मुद्दाम मागे राहिले. घरी गेलं की मोजे कुठेत आणि कात्री कुठेय. इथे पॅकिंगच्या टेबलावर शांतपणे बसून आज बर्फघराचा निकाल लावायचाच, असं ठरवलं होतं. चार वेळा मेले, पाचव्यांदा फोन आपटणार होते, तेवढ्यात आठवलं, मोठ्या फ्रीजरची शेवटची फेरी राहिलीच आहे. जाकीट चढवलं. फोन लॉकरमध्ये ठेवायचा नियम आहे, पण मी तो जाकिटाच्या आतल्या खिशात सरकवला.

दारात खोकं टाकलं, आत गेले, रांगा बघितल्या. डोळे खोक्यांवर, डोकं बर्फघरात. चावी बर्फाच्या लादीत तर नाही? लादी वितळवायची कशाने? कंदिलाने? पण कंदील तर विझतो! असं करत करत परत दाराशी आले आणि मला मक्याच्या थप्पीत एक रिकामी जागा दिसली. वरच्या ओळीत, अगदी एका खोक्याएवढी. आणि बघते तर खाली जमिनीवर एक खोकं, एकटंच, आडवं पडलेलं.

त्या गेमने एक खोड लावलीय मला. जे जागेवर नाही ते उचलायचं, आणि जिथे जागा रिकामी आहे तिथे बसवायचं. मी वाकले, खोकं उचललं, त्या जागेत सरकवलं. काय चपखल बसलं म्हणून सांगू! मला खरंच आनंद झाला.

आणि पाठीमागे आवाज आला. खट्.

मी गर्रकन वळले. दार लागलं होतं. मी स्वतःशी म्हटलं, काही नाही, मूठ आहे ना. मूठ ढकलली. ती दांड्यासकट हातात आली. हिरवी मूठ, हातभर दांडा, आणि दारात एक काळं भोक.

"अगं बाई," एवढंच आलं तोंडातून. मोठ्याने हसलेसुद्धा मी. हसण्याची वाफ झाली.

दांडा परत भोकात घालायला गेले. जाईना. भोकाच्या आत बर्फ धरला होता. तोंड लावून फुंकर मारली, तर ओठ लोखंडाला चिकटला. ओढून काढला तेव्हा रक्ताची चव आली. तिथे मला पहिल्यांदा खरी भीती वाटली.  मी दारावर दोन्ही हातांनी धडका मारायला लागले, "वॉचमनकाका! ओ वॉचमनकाका!" पण वॉचमन बसतो फाटकाशी, मध्ये सबंध आवार, आणि माझ्या डोक्यावर पंखे भोंभों करत होते. मला माझाच आवाज धड ऐकू येत नव्हता.

उद्या सुट्टी. दार उघडणार परवा सकाळी. 

जाकीट आमचं पटकन आत जाऊन बाहेर येण्याच्या बेताचं. पायात साधे बूट. मी स्वतःला दम भरला, फटाकडे, रडू नकोस, खोली सोडवायचीय ही. तुझ्याकडे काय काय आहे? खिशात मार्कर पेन, चिकटपट्टीचं बंडल, खोकी फाडायचं कटर. कोपऱ्यात माल ओढायची हातगाडी. एवढ्यावर लाल कोटवालीने दहा दारं उघडली असती. कटर घेतलं, भोकातला बर्फ खरवडला. जरा आत गेलं. मग मार्कर घातला, मुठीने ठोकला, म्हटलं दांड्याऐवजी हाच कडी उचलेल. गेममध्ये चुकीची वस्तू लावली की नुसतं टुक् वाजतं आणि वस्तू परत आपल्या हातात येते. मार्कर मधोमध मोडला आणि अर्धा आतच अडकून बसला. आता तर भोकही बुजलं.

मी हातगाडी दारावर आपटली. दारावर एक पोचा पडला, बास.

आणि दिवे गेले.

मी किंचाळले. अंधार असा की डोळे उघडे की मिटलेले कळेना. हात हवेत फिरवले तसे परत लागले. तेव्हा आठवलं, आमचे दिवे हालचालीवर चालतात. माणूस हलला तर उजेड. थोडा वेळ निश्चल राहिलं की ते समजतात, आत कुणी नाही. मी उभ्या उभ्या हात हलवत राहिले, बाहुलीसारखी. दिव्यांना पटवून देत होते की मी आहे, अजून आहे.

फोन! इतका वेळ सुचलंच नव्हतं. खिशातून काढला तर बॅटरी मान टाकायच्या बेतात, दुपारभर गेम खेळून आणि आता थंडीने. रेंज शून्य. एवढ्या जाड भिंतीतून काय डोंबल येणार? पण पंख्याच्या नळ्या वरच्या कोपऱ्यातून बाहेर जातात, तिथे भिंतीला भोक आहे. मी मटारच्या खोक्यांवर चढले. एकदा घसरले, कोपर सोललं, परत चढले. छताला डोकं लावून फोन त्या कोपऱ्यात धरला. रेंजची एक काडी आली. गेली. आली.

फोन लावायला गेले की कट. सुपरवायझरला मेसेज टाकला, एकच टिक. सुट्टी लागली की तो फोन बंद करतो, हे काय मला माहीत नव्हतं? नवरा क्रेन चालवतो; कामावर असताना त्यांचे फोन फाटकावरच्या डब्यात जमा. मग ताई. ताईचं नाव उघडलं तर खाली लिहिलेलं, ऑनलाइन. मला हुंदकाच फुटला. तिचाही अर्धा दिवस, ती लॅबमध्येच बसून गेम खेळत असणार, हातात फोन असणार. देव पावला.

हातमोजा दातांनी ओढून काढला. बोटं लाकडासारखी. लिहिलं, 'ताई फ्रीजरमध्ये अडकले दार लागलं ये लवकर'.

दोन टिका. निळ्या. तिचं उत्तर लगेच आलं.

'मी तर कालच सुटले तिथून! काय थंडी गं! हिंट मिळणार नाही.'

आणि पुढे हसून हसून डोळ्यांतून पाणी येणारी ती तोंडं, तीन.

मी परत लिहिलं, 'गेम नाही खरंच'.

'गेल्या वेळी अंगठाही खरंच होता.'

'कामावरच्या फ्रीजरमधे', मी लिहिलं. रेंज गेली. मेसेजपाशी घड्याळाचं चित्र फिरत राहिलं. मी फोन भिंतीच्या भोकात जवळजवळ कोंबला. गेला एकदाचा.

'हो हो, आणि सोबत गोठलेले मासे पण असतील. ओळखते मी तुला. मागच्या खेपेस शटर, आता फ्रीजर. कंदील पेटव आधी.'

"ताई!" मी फोनवर ओरडले, जसं काही तिला ऐकू जाणार होतं. "ताई, मी मरतेय गं!" दिवे गेले. मी पाय आपटले, दिवे आले. बॅटरीचं चित्र लाल झालं होतं.

आईशप्पथ लिहावी, तर ती मी पियानोवर खर्च करून बसले होते. जिवाची शपथ, पोरांची शपथ, काहीही लिहिलं तरी तिकडे ती हसणारी तोंडंच पाठवणार. फोटो काढावा म्हणून कॅमेरा उघडला, तर फोन थरथरला आणि पडदा अर्धा मिनिट काळा झाला. परत आला तेव्हा मला कळलं की आता फार काही शिल्लक नाही. एखादाच मेसेज.

अंगाची थरथर थांबायला लागली होती. कामाला लागलो तेव्हाच आम्हाला सांगितलेलं, थरथर असते तोवर बरं, ती थांबली की घाबरा. मला झोप यायला लागली होती, अगदी गोड झोप. त्या झोपेची मला जी भीती वाटली, तशी अंधाराचीही वाटली नव्हती.

तिला पटेल असं काय लिहू? मी कधी लिहीत नाही असं काय आहे?

लाज वाटते सांगायला, पण तिथेसुद्धा, मटारच्या खोक्यांवर, ओठ फाटलेला, बोटं निळी, मला तो शब्द लिहवेना. अंगठा अडून बसला. आतून कुणीतरी म्हणत होतं, पत्ते उधळ, राणी घेऊन पळ. पण पळू कुठे? दार बंद होतं.

मी लिहिलं, 'हरले'.

दोन टिका. निळ्या झाल्या. ती लिहायला लागली. मी श्वास रोखून बघत होते. लिहितेय, लिहितेय, अजून लिहितेय. केवढं लिहितेय ही बाई! मग आलं.

'शाब्बास! बघ, म्हटलं की सुटतं. ऐक आता. चावी उंदराच्या बिळात आहे. आधी डावीकडची तिसरी वीट दाब, मग कंदील खाली ठेव, उंदीर उजेडाला बाहेर येतो, मग बिळात हात घाल. सोपं होतं गं वेडे.'

दोन आठवडे ज्याच्यासाठी जीव टाकत होते, ते उत्तर माझ्या हातात होतं. मी ते पूर्ण वाचलं, आणि फोन बंद पडला.

मग मी रडले. खोक्यावरून खाली उतरले की पडले, आठवत नाही. दाराला पाठ लावून बसले. उठून हात हलवायला हवे होते, पण हात ऐकेनात. दिवे गेले. या वेळी मी काही केलं नाही. मनात म्हटलं, ताईला कळेल तेव्हा ती काय करेल? तिला हा मेसेज जन्मभर पुरेल. ती उंदराची गोष्ट परत परत वाचत बसेल. मला माझ्या मरणापेक्षा त्याचीच जास्त भीती वाटली, आणि मी अंधारात बडबडायला लागले, "नाही ताई, तुझी चूक नाही गं. उत्तर बरोबर होतं."

दार उघडलं तशी मी पाठीवर बाहेर पडले. वर उजेड, उजेडात वॉचमनकाकांचं तोंड उलटं, आणि ताई. लॅबचा ॲप्रन, दातांचे साचे करायचं पांढरं प्लास्टर कोपरापर्यंत माखलेलं, अनवाणी. तिने माझ्या तोंडावर चापट मारली. मग दुसरी मारली. मग मला असं आवळलं की बरगड्या मोडायच्या बाकी राहिल्या.

"झोपू नकोस! झोपलीस तर मारीन!" ती ओरडत होती. "काका, बघत काय उभे राहिलात, गाडी बोलवा!"

"ताई," मी म्हटलं. जीभ जड झाली होती. "तुला कसं कळलं?"

"कसं कळलं म्हणजे? तू हरले म्हणालीस!" ती रडत होती आणि चिडत होती, दोन्ही एकदम. "त्या घाणेरड्या गेमसाठी तू हरले म्हणशील होय गं? जीव गेला असता तरी म्हटलं नसतंस. उत्तर टाईप करून पाठवलं, वर हसले मी, भवाने, हसले! आणि मग परत तो शब्द वाचला. तशीच पळत सुटले."

डॉक्टरांनी बोटं वाचवली. डाव्या करंगळीचं टोक अजून बधिर आहे, तेवढं चालायचं. दुसऱ्या दिवशी मी ताईच्या घरी गोधड्यांच्या ढिगाखाली पडले होते. ती शेजारी खुर्चीत बसली होती. रात्रभर तिथेच बसली होती, असं तिच्या डोळ्यांवरून दिसत होतं. नवऱ्याने माझा फोन चार्जिंगला लावला आणि चहा करायला गेला. फोन सुरू झाला आणि टिंगटिंग वाजत सुटला.

"आण इकडे," ताई म्हणाली. "नको वाचूस. उगाच काहीतरी आहे ते."

म्हटल्यावर मी वाचणार नाही असं होईल का? उंदराच्या बिळाखाली एकाखाली एक ओळी होत्या.

'पण काय गं, एवढ्यात हरलीस?'

'फटाकडे?'

'थट्टा करू नकोस हं.'

'फोन उचल.'

'फोन उचल गं.'

'निघाले मी. पळतेय.'

'कुठे आहेस?'

'मी हरले. ऐकतेस ना? मी हरले. सगळ्या खोल्या तुझ्या, मी कधी खेळणार नाही. मी हरले गं. कुठे आहेस?'

मला पुढे काही दिसेना. ताई खिडकीकडे बघत होती, नाक ओढत होती, आणि सर्दी झालीय असं दाखवत होती. मी डोळे पुसले, पट्ट्या बांधलेल्या बोटांनी फोन धरला. नियम म्हणजे नियम. समोरचीने 'हरले' लिहिलं की उत्तर द्यायचं.

मी लिहिलं, 'इथेच आहे'.

खुर्चीवर तिचा फोन वाजला. तिने उचलला, वाचला, आणि पदराने तोंड झाकून घेतलं. मी पांघरुणातून हात बाहेर काढला आणि तिच्या गुडघ्यावर ठेवला. तिच्या नखांत अजून प्लास्टर होतं.